सोने त्यांचे, तेजाब आमचे!

गेली काही वर्षे सरकारी पत्रकांतून आणि उद्योगपतींच्या परिषदांतून ‘शहरी खाण’ हा शब्द मोठ्या कौतुकाने मिरविला जात आहे. जुने संगणक, मोबाइल, दूरदर्शन संच यांच्या ढिगाऱ्यात सोने दडलेले आहे. ते वर काढले की देशही श्रीमंत होईल आणि पर्यावरणही राखले जाईल, असा त्याचा मथितार्थ. शब्द गोंडस आहे आणि त्यातले शास्त्रही खोटे नाही. चांगल्या म्हणविल्या जाणाऱ्या खाणीतील एक टन खनिजात पाच-सहा ग्रॅम सोने मिळते. बॅटरी काढलेल्या टनभर जुन्या मोबाइलमध्ये ते ३०० ग्रॅमच्या आसपास असते. २०२५ साली सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेला, तेव्हा या खाणीवर कोणाकोणाची नजर पडली असेल हे सांगावयास नको. परंतु खाण म्हटली की खाणकामगार आलाच. या खाणीतला कामगार कोण, त्याच्या फुप्फुसात काय जाते आणि हातात काय पडते, याबद्दल मात्र परिषदांतून चकार शब्द निघत नाही.

डोंबिवलीच्या सोसायटीतला बिघडलेला संगणक दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला किलोच्या भावाने जातो. तेथून तो दुकानदाराकडे आणि पुढे शीळफाटा, मुंब्रा, भिवंडी या पट्ट्यातील गोदामांकडे सरकतो. लोखंड, तांबे, प्लॅस्टिक वेगळे होते आणि सर्किट बोर्डांचा ढीग उरतो. या प्रत्येक पायरीवर राबणारा माणूस दिवसाच्या रोखीवर जगतो. बोर्डात सोने आहे हे त्याला ठाऊक असते. किती आहे, हे त्याला कोणी कळू देत नाही. सारे शोषण या एका अज्ञानावर उभे आहे.

तेजाबाची करणी

सोनाराच्या दुकानापुढची माती धुऊन सोन्याचे कण वेचणारे झारेकरी महाराष्ट्राला नवे नाहीत. त्यांचे हत्यार पाणी आणि झारा. बोर्डावरचे सोने मात्र मुलाम्याचे, केसाहूनही पातळ. ते पाण्याने सुटत नाही. म्हणून तेजाब आले. नत्राम्लाने तांबे आणि निकेल विरघळते व सोन्याचा पापुद्रा उरतो. नत्राम्ल आणि मिठाचे आम्ल एकत्र केले की त्या अम्लराजात सोनेही विरघळते आणि मग दुसऱ्या रसायनाने ते तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी बसविले जाते. काही ठिकाणी सायनाइड वापरतात. त्याच्याशी आम्लाचा संपर्क आला की प्राणघातक वायू सुटतो.

प्रयोगशाळेत हे काम धूर ओढून घेणाऱ्या बंदिस्त कपाटात होते. पत्र्याच्या शेडमध्ये ते प्लॅस्टिकच्या बादलीत होते. नत्राम्लातून उठणारा लालसर वायू श्वासात गेला तर त्या क्षणी फारसे काही वाटत नाही. काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागते. तोवर कामगार घरी गेलेला असतो आणि त्याचा आजार कोणाच्याही नोंदवहीत चढत नाही. डाखातले शिसे त्याच्या कपड्यांवर बसून घरच्या मुलांपर्यंत पोहोचते. उरलेले निळेहिरवे आम्ल गटारात आणि गटारातून नाल्यात जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत कोणीतरी रासायनिक सांडपाणी सोडले आणि उल्हासनगरातील शेकडो माणसे घुसमटून रुग्णालयात पोहोचली. ते पाणी सोन्याच्या धंद्यातले नव्हते. परंतु नदीला आम्लाचा धनी कोण हे कळत नाही, आणि तिच्या काठी झोपडी कोणाची असते हे आपण जाणतो.

यातली सर्वांत क्रूर गोष्ट पुढेच आहे. बंगळुरूमधील अशा घरगुती कामाचा अभ्यास झाला, तेव्हा बोर्डात असलेल्या सोन्यापैकी जेमतेम चौथा हिस्सा हाती लागतो असे आढळले. आधुनिक भट्टीत हेच प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे तीन हिस्से सोने वाया घालवून, एका हिश्शासाठी कामगार आपले फुप्फुस गहाण टाकतो. शास्त्रशुद्ध भट्टीवाल्याने प्रामाणिक भाव दिला, तर बोर्ड न विरघळविता विकणे त्याला अधिक फायद्याचे पडेल. तो तसे करीत नाही याचे कारण अडाणीपणा नव्हे. तो प्रामाणिक भाव त्याला कधीच मिळालेला नाही, हे खरे कारण.

दोन चुकीची उत्तरे

पहिले उत्तर सरकारचे: धाडी घाला, शेडला टाळे ठोका. धाडीने बादली एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात जाते, एवढेच. धोक्याचे स्थलांतर म्हणजे धोक्याचे निवारण, हा समज आपल्या राज्यकर्त्यांच्या अंगवळणी पडला आहे. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, बारा माणसे गेली. कारखाने हलविण्याच्या घोषणा झाल्या. २३ मे २०२४ रोजी त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसे गेली, पुन्हा त्याच घोषणा झाल्या. मधल्या आठ वर्षांत कामगारांच्या सुरक्षिततेचे काय झाले, हे विचारणारे थोडे होते.

दुसरे उत्तर दुर्दैवाने आपल्याच काही मित्रांचे आहे. ‘गरिबाच्या पोटावर पाय नको, चालले आहे ते चालू द्या.’ यामागची कणव खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. तेजाबाची वाफ ही कोणाची उपजीविका असू शकत नाही. गिरणीतल्या कामगाराच्या फुप्फुसात कापसाचे तंतू जात होते म्हणून चळवळीने गिरणी बंद करा असे म्हटले नाही, आणि तंतू जाऊ द्या असेही म्हटले नाही. तीच भूमिका येथे घ्यावयास हवी.

कायद्याने कोणाला ओळखले?

ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ साली आले, नंतरचे २०१६ साली. २०१६ च्या नियमांनी सुटे भाग करणाऱ्याला निदान नावाने ओळखले होते. या कामगारांची नोंदणी करण्याची आणि त्यांचे गट उभारण्यास साहाय्य करण्याची जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर टाकली होती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत नोंदणीचे मानकरी चारच: निर्माता, उत्पादक, दुरुस्ती करणारा आणि पुनर्चक्रण करणारा. गोळा करणारा आणि सोडविणारा यादीतून गळाला. उत्पादकाने आपले दायित्व फेडावयाचे ते प्रमाणपत्र विकत घेऊन. आणि ते प्रमाणपत्र मोजले जाते सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या वजनावर. धातूला कागदावर स्थान मिळाले, तो दारोदार फिरून जमविणाऱ्या माणसाला नाही.

कारखान्याच्या व्याख्येचेही तेच. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की कारखाना मानला जाई. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या संहितेत हा आकडा वीस आहे. चार माणसांची तेजाबाची शेड दोन्ही मोजमापांत बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ई-कचरा आणि जुन्या बॅटऱ्यांतून दुर्मीळ खनिजे मिळविण्यासाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. यंत्रसामग्री उभारणाऱ्याला अनुदान आहे. माल जमविणाऱ्याला काय?

आपली मागणी

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. आम्लाचे काम झोपडीतून आणि शेडमधून पूर्णपणे बाहेर काढा. ते धूर आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या, वस्तीपासून दूर असलेल्या सार्वजनिक प्रकल्पात होऊ द्या. हैदराबादच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेने सर्किट बोर्डांतून धातू वेगळे करण्याचे तंत्र विकसित केले आहे. ज्ञान नाही ही सबब चालणार नाही. मात्र गोळा करणे, सोडविणे, वर्गवारी करणे हे काम ज्यांचे आहे त्यांचेच राहिले पाहिजे, त्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीने. त्यासाठी औद्योगिक वसाहतींत जागा राखून ठेवण्याचे कर्तव्य नियमांनीच राज्य सरकारवर टाकलेले आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांनी आपला ई-कचरा या संस्थांच्या हाती सोपवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे, भाव कसावर द्या. गावच्या दूध सोसायटीत फॅट लावल्याशिवाय शेतकरी दुधाचा भाव मान्य करीत नाही. मग बोर्डांचा भाव कस न लावता व्यापाऱ्याच्या तोंडावर का ठरावा? मालाचा नमुना काढून, दळून, त्यातील सोने-तांबे तपासणारे सार्वजनिक केंद्र उभे राहिले की अर्धी लढाई जिंकली. काही साथी विचारतील, संध्याकाळची चूल पेटविण्यासाठी ज्याला आज रोख हवी, तो तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबेल कसा? उसाला पहिली उचल मिळते आणि अंतिम हप्ता हिशेबानंतर. तसेच येथे करता येईल.

ही स्वप्ने नव्हेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक निश्चित नसलेल्या हमालालाही संरक्षण देता येते हे दाखविले. १९९३ साली पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि पुढे कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून काम करू लागली. जे पुण्यात झाले ते ठाण्यात का होऊ नये?

कार्यकर्त्यांनी परिषदांची वाट पाहू नये. आपापल्या प्रभागातील भंगारवाल्यांची, गोदामांतील कामगारांची यादी करावी. कोणाला खोकला आहे, कोणाचे हात भाजले आहेत, याची नोंद ठेवावी आणि ती घेऊन कामगार आयुक्तांच्या दारी जावे. धाड पडेल तेव्हा कामगाराच्या बाजूने उभे राहावे, आणि त्याच दिवशी त्याला बादली सोडावयास सांगावे. या दोन गोष्टी एकत्र करण्याची हिंमत ज्याच्यापाशी आहे, त्याच्यावरच या खाणीतला कामगार विश्वास ठेवील.