बदामाचं पान आणि हरवलेलं पेर

फेब्रुवारी उजाडला की रोपवाटिकांच्या काउंटरवर आणि ऑनलाइन दुकानांत तळहातावर मावेल एवढी एक कुंडी दिसू लागते. तिच्यात मातीतून उभं राहिलेलं एकच जाड, हिरवंगार पान असतं, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं. कुंडीला लाल फीत बांधलेली. हे होया केरी. थायलंडमध्ये वनस्पती गोळा करत हिंडलेल्या आर्थर केर या आयरिश डॉक्टरचं नाव मिळालेली ही वेल आग्नेय आशियाच्या जंगलांत झाडांवर कित्येक मीटर चढते. व्हॅलेंटाइनच्या भेटीला मात्र तिचं एक पानच पुरतं. घेणारा ते कौतुकानं खिडकीत ठेवतो आणि नव्या पानाची वाट पाहतो. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. पान टवटवीत असतं, पण एकटंच. ‘आपल्या हाताला गुण नाही’ म्हणत तो शेवटी नाद सोडतो.

हाताचा यात काही दोष नसतो. नवा कोंब फुटायला डोळा लागतो, आणि तो असतो पेरावर, पानाच्या बगलेत. देठापासून खुडलेल्या पानाला मुळं फुटतात, त्या मुळांवर ते वर्षानुवर्षं जगतंही. पण डोळाच नसेल तर वेल येणार कुठून? खुडताना खोडाचा तुकडा पानाला चिकटून आला असेल तरच काही आशा. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. शोभेचं पान म्हणून ते खुशाल विकावं, पण ‘रोप’ म्हणून विकणं ही सरळसरळ फसवणूक आहे. ‘पेरासह’ किंवा ‘फक्त पान’ एवढे दोन शब्द चिठ्ठीवर छापायला कितीसा खर्च येतो?

होया ही मुळात रुजायला अतिशय सोपी वेल आहे, म्हणून तर ही फसवणूक जास्त खटकते. होयाच्या बहुतेक जाती झाडांच्या सालींना धरून वाढतात आणि त्यांच्या पेरांपाशी मुळांचे बारीक उंचवटे बरेचदा आधीपासूनच दिसतात. दोन-तीन पेरांची निरोगी फांदी घ्यावी, पेराच्या जरा खाली धारदार कात्रीनं कापावी. कापताच पांढरा चीक येतो. रुई, कण्हेर आणि सदाफुली याच कुटुंबातल्या, त्यामुळे त्यात नवल नाही. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हात धुवावेत. खालच्या पेराची पानं काढून ते पेर पाण्यात किंवा ओलसर मॉसमध्ये बुडेल असं ठेवावं आणि भांडं ऊन थेट न लागणाऱ्या उजेडात ठेवावं. उबदार हवेत दोन ते चार आठवड्यांत पेरावर पांढरे ठिपके फुगतात आणि त्यांतून मुळं बाहेर पडतात.

मुळं फुटण्याचं कारण फांदीतच असतं. शेंड्याकडे तयार होणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक खोडातून खाली उतरत राहतं, कापलेल्या टोकाशी साचतं आणि तिथल्या पेशींना मुळांच्या कामाला लावतं. 1930 च्या दशकात शास्त्रज्ञांनी हे उलगडलं. दुकानात मिळणारी रूटिंग पावडर बहुधा याच जातीच्या एका रसायनाची असते. होयाला तिचीही फारशी गरज पडत नाही. काही जण कापलेल्या टोकाला दालचिनीची पूड लावतात; ती बुरशीला थोडा आळा घालत असेल. ती मुळं फोडते असं म्हणणं म्हणजे स्वयंपाकघराला नसतं श्रेय देणं.

पाणी बरं की मॉस, यावर हौशी मंडळींत तावातावानं वाद चालतो. दोन्हींत मूळ धरतं. पाण्यातली मुळं दिसतात, हा त्याचा फायदा. पण हौसेपोटी ती वीतभर वाढू दिली की कुंडीत गेल्यावर बिथरतात. दोन-तीन सेंटिमीटर झाली की लावून मोकळं व्हावं.

खरी काळजी पानांची. मुळं नसलेल्या फांदीला पाणी ओढता येत नाही आणि पानांतून ते उडत राहतं. त्यासाठी लागते दमट, बंदिस्त हवा. 1829 मध्ये लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरनं पतंगाचा कोष ओल्या मातीसह बाटलीत बंद करून ठेवला, आणि काही दिवसांनी त्या मातीतून नेचा उगवला. बाहेर धुरकट हवेत त्याचे नेचे मरत होते, बाटलीतला मात्र वाढत होता. त्यातून त्यानं काचेच्या बंद पेट्या बनवल्या, 1833 मध्ये त्यांतून जहाजानं निघालेली रोपं सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि पुढे चीनमधली चहाची रोपंही अशाच पेट्यांतून भारतात आली. आज तेच काम मिठाईचा पारदर्शक डबा करतो. फक्त तो उन्हात ठेवू नये, आतली फांदी उकडून निघते. रोज थोडा वेळ झाकण उघडावं, नाहीतर बुरशी धरते.

मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये डब्याचीही गरज नसते, सगळी हवाच डबा झालेली असते. नागपुरात मे महिन्यात फांद्या लावणारा मात्र स्वतःच्या नशिबाला उगाच दोष देतो. पाऊस सुरू झाल्यावरच लावाव्यात, एवढं साधं वेळापत्रक पाळलं तरी निम्मा त्रास वाचतो.

जुन्या, मरायला टेकलेल्या होयाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. पानं सुरकुतली, मऊ पडली की घरोघरी पहिला उपाय एकच: तांब्याभर पाणी आणखी. इथेच वेल हातची जाते. सुरकुत्या दोन अगदी उलट कारणांनी पडतात. एक तर माती कोरडी ठाक पडलेली असते, किंवा ओल इतकी झालेली असते की मुळंच कुजली, आणि भरल्या कुंडीत वेल तहानेनं सुकते. वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून पाणी घालण्याआधी कुंडी आडवी करून गोळा बाहेर काढावा. मुळं पांढुरकी आणि टणक असतील तर प्रश्न पाण्याचाच. कुंडी तासभर बादलीत बुडवून ठेवली की बहुतेक वेळा पानं एक-दोन दिवसांत पुन्हा भरतात. चिमटीत धरून ओढल्यावर मुळाची तपकिरी साल सटकन निघून आली आणि आत दोऱ्यासारखी शीर उरली, तर ते मूळ संपलं. अशा वेळी मुळं वाचवण्याची धडपड सोडावी. खोड खालून वर तपासत जावं, आत हिरवं आणि कडक लागेल तिथे कापावं, वेल रात्रभर पाण्यात भिजू द्यावी आणि तिच्या फांद्या नव्यानं रुजवाव्यात.

या कुजण्याला कारण बहुतेक वेळा रोपवाटिकेतलीच लाल, घट्ट माती. झाडाच्या सालीवर उघड्या हवेत मुळं ठेवणाऱ्या वेलीला त्या मातीत गाडून टाकल्यासारखं वाटत असणार. नारळाच्या सालीचे तुकडे, परलाइट, थोडा कोळसा आणि मूठभर गांडूळखत, इतकं पुरे. कुंडी लहानच घ्यावी. मोठ्या कुंडीतली जास्तीची ओल सुकत नाही. होयाच्या काही जाती दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा घेतात, पाणी वाचवण्याची ही त्यांची रीत. अशा जातींना चार दिवस पाणी मिळालं नाही तर काहीच बिघडत नाही.

आणलेली फांदी इतर कुंड्यांजवळ ठेवण्याआधी पानांच्या बगला बघाव्यात. तिथे कापसासारखे पिठ्या ढेकूण दडतात. रस्त्याकडेच्या रुईवर दिसणारा पिवळा मावा होयाच्या कोवळ्या शेंड्यांवरही येतो. सौम्य साबणाच्या पाण्यानं धुऊन घेतलेलं बरं.

मूळ धरलं, वेल चालू लागली, की घाईची दुसरी फेरी सुरू होते. होया हातभर लांब, बिनपानांचे शेंडे काढते. आधी आधार शोधायचा, पानं नंतर, असा तिचा क्रम. नीटनेटकेपणाच्या हौसेत हेच शेंडे छाटले जातात. मेणासारख्या फुलांचा गुच्छ ओसरल्यावर त्याचा आखूड देठही असाच खुडला जातो. तो ठेवावा, कारण बहुतेक जाती पुढच्या वेळी त्याच देठावर फुलतात.

फांदी आणायची कुठून, यात बाजाराची भूल मोठी. पांढऱ्या-गुलाबी छटांच्या पानांची एका पेराची फांदी आज चैनीच्या भावात विकली जाते. साधी हिरवी होया त्याच हौसेनं वाढते आणि एका भरलेल्या वेलीतून दहा घरांना सहज पुरते. जास्वंद आणि मोगरा आपल्याकडे शेजारच्या अंगणातून मागून आणलेल्या फांद्यांवरच पसरले. होयाला वेगळा न्याय कशाला?

मागून आणण्याला मर्यादा फक्त एक, जंगलाची. सह्याद्रीच्या ओल्या रानांत झाडांच्या खोडांवर होया वाइटी ही आपली स्वतःची होया वाढते. दक्षिण भारतातल्या वनस्पतींची नोंद करणाऱ्या रॉबर्ट वाइट या सर्जनचं नाव तिला आहे. पावसाळी सहलीतून ओरबाडून आणलेल्या तिच्या वेली शहरातल्या गच्चीवर फार काळ टिकत नाहीत, आणि झाडावरची जागा रिकामी होते ती वेगळीच. ज्यांना ती घरी हवी आहे त्यांनी लागवडीतल्या वेलीवरून वाढवलेलं रोप मागावं, आणि कोकणातल्या रोपवाटिकांनी परदेशी बदामांच्या जोडीला ते विकायला ठेवावं, पेरासह.