मार चुकविण्याची विद्या

2 मे 2015 रोजी लास व्हेगासमध्ये फ्लॉइड मेवेदरने मॅनी पॅकियावला बारा फेऱ्यांअंती गुणांवर हरविले, तेव्हा विजेत्याच्या वाट्याला जयघोषापेक्षा हुर्योच अधिक आली. शतकातील सर्वांत मोठी लढत म्हणून तिचा गाजावाजा झाला होता. घरबसल्या ती पाहण्यासाठी अमेरिकन प्रेक्षकाने सुमारे शंभर डॉलर मोजले होते. त्याला निदान एक तरी योद्धा आडवा झालेला हवा होता. दिसला तो खांदा वळवून, मान इंचभर मागे घेऊन मार निसटू देणारा एक हिशेबी माणूस. पॅकियाव हा ठोशांचा वर्षाव करणारा म्हणून ख्यात. पण मोजदाद करणाऱ्यांच्या मते त्या रात्री त्याच्या 429 ठोशांपैकी अवघे 81 लागले. असामान्य कौशल्याचाच हा पुरावा. चाहत्यांनी मात्र त्याला कंटाळा हे नाव दिले.

यावरून प्रेक्षकाला बचावाचे वावडे असते, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. अर्जेंटिनाच्या निकोलिनो लोचेने आपल्या कारकीर्दीत 117 लढती जिंकल्या. त्यांपैकी प्रतिस्पर्ध्याला बाद करून जिंकलेल्या जेमतेम 14. असा माणूस खरे तर मोकळ्या खुर्च्यांपुढे लढावयाचा. पण ब्युनॉस आयरिसच्या लुना पार्कमध्ये त्याच्यासाठी गर्दी लोटत असे. ‘अस्पर्श’ अशा अर्थाचे बिरुद त्याला लोकांनीच दिले. हात खाली सोडून, दोरांना पाठ टेकून तो प्रतिस्पर्ध्याच्या अगदी आवाक्यात उभा राही आणि केवळ मानेच्या व कमरेच्या हालचालींनी ठोशामागून ठोसा हवेत जिरवी. प्रत्येक हुकलेल्या ठोशासरशी प्रेक्षागृह हसे, टाळ्या वाजवी. (सिगारेटचे व्यसन असलेल्या या गृहस्थाला धावपळ परवडणारीही नव्हती, हा भाग निराळा.) 12 डिसेंबर 1968 रोजी टोकियोत जगज्जेता पॉल फुजी त्याच्यावर नऊ फेऱ्या तुटून पडला. दहाव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठलाच नाही.

लोचेला टाळ्या आणि मेवेदरला हुर्यो, हा भेद कशाने पडला? लोचे धोक्याच्या तोंडाशी उभा राहून धोका टाळी, आणि ते शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसे. मेवेदरचा बचाव तितकाच सूक्ष्म होता, पण त्याला मिठी मारून खेळ थांबविण्याची आणि अंतर राखून फेरी काढण्याची जोड होती. मिठ्यांना कंटाळलेल्या प्रेक्षकाला अरसिक ठरविणे अन्यायाचे होईल.

मात्र त्याच प्रेक्षकाची दुसरी आवड अधिक चिंताजनक आहे. 30 ऑक्टोबर 1974 रोजी किन्शासा येथे महंमद अलीने दोरांवर रेलून जॉर्ज फोरमनला थकविले आणि आठव्या फेरीत बाद केले. ही बचावाची थोर युक्ती म्हणून आजही वाखाणली जाते. वास्तविक अलीने त्या रात्री जितका मार चुकविला तितकाच हातांवर आणि बरगड्यांवर सोसला. मार सोसणाऱ्याला प्रेक्षक शूर म्हणतो, चुकविणाऱ्याला चतुर म्हणतानाही त्याची जीभ अडखळते. 1982 च्या नोव्हेंबरात रे मॅन्सिनीविरुद्ध कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या फेरीपर्यंत मागे हटला नाही. त्याच्या हिमतीला दाद मिळत होती. काही दिवसांतच तो मेंदूच्या दुखापतीने मरण पावला. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरांऐवजी बारा फेऱ्यांच्या होऊ लागल्या. फेऱ्या बदलल्या, दाद देण्याची रीत बदलली नाही.

आणि ही रीत पंचांच्या पेन्सिलीपर्यंत पोहोचते. गुणदानाच्या निकषांत बचावाचा स्पष्ट उल्लेख असतो. परंतु लागलेला ठोसा कानांना ऐकू येतो, हुकलेल्याचा आवाज होत नाही. 10 सप्टेंबर 1993 रोजी सॅन अँटोनिओत पर्नेल व्हिटेकरने 87 लढतींत अपराजित असलेल्या मेक्सिकोच्या हुलिओ सेझार शावेझला अक्षरशः हवेशी लढावयास लावले. प्रेक्षागृहात शावेझचेच चाहते बहुसंख्य. तीनपैकी दोन पंचांनी लढत बरोबरीत सोडविली. बहुतेक क्रीडापत्रकारांनी दुसऱ्या दिवशी व्हिटेकरलाच विजयी मानले. चार महिन्यांनी फ्रँकी रँडलने शावेझला हरविले आणि त्याच्या पहिल्या पराभवाची नोंद रँडलच्या नावावर झाली. व्हिटेकरला त्याच्याशी पुन्हा लढण्याची संधी कधीच मिळाली नाही.