वीस ट्रिलियनचा आकडा आणि खडकाची साक्ष

आंध्रच्या किनाऱ्यालगत कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २० ट्रिलियन घनफूट वायू सापडल्याची घोषणा गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांनी जून २००५ मध्ये केली. शोध गुजरात राज्य पेट्रोलियम महामंडळाचा होता. पुढे मंजूर झालेल्या विकास आराखड्यात हा आकडा सुमारे दशांशावर आला. वायू नव्हता असे नाही. अडले ते खडकापाशी.

विहिरीत केबलने उपकरणे सोडून खडकाची घनता, विद्युतरोध आणि किरणोत्सर्ग यांची खोलीनुसार नोंद घेतात. या व्यवसायात तिला ‘लॉग’ म्हणतात. खडकात पोकळी किती, तिच्यात पाणी किती आणि वायू किती, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. मात्र या पोकळ्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत का, वायू विहिरीकडे वाहू शकेल का, हे लॉग थेट सांगत नाही. त्यासाठी खडकाचे नमुने वर काढून तपासावे लागतात. विहीर काही काळ वाहती ठेवून दाब मोजावा लागतो. येथील वाळूखडक तर खोल, तप्त, प्रचंड दाबाखालचा आणि घट्ट विणीचा निघाला. मोजक्या विहिरींवरून एवढा मोठा आकडा जाहीर करणे हे धाडसच होते.

या क्षेत्रापायी महामंडळावर हजारो कोटींचे कर्ज चढले आणि महालेखापरीक्षकांनी ताशेरे ओढले. अखेर २०१७ मध्ये ८ हजार कोटींच्या घरात रक्कम मोजून ८० टक्के हिस्सा ‘ओएनजीसी’ने घेतला. तीही सरकारी मालकीचीच कंपनी.