एप्रिलचा कांदा सप्टेंबरच्या फोडणीत

सप्टेंबर महिन्यात दिल्ली, इंदूर किंवा कोलकात्यातल्या भाजीवाल्याकडून तुम्ही कांदे घेता. ते शेतातून कधी निघाले असतील? बहुतेक एप्रिलमध्ये! मग मधले पाच महिने ते कुठे होते? या एका प्रश्नातून ‘लॉजिस्टिक्स’ आणि ‘सप्लाय चेन’ हे दोन जड शब्द सहज समजतात.

माल वेळेवर, ठीक अवस्थेत आणि परवडेल अशा खर्चात एका जागेहून दुसऱ्या जागी पोहोचवणे म्हणजे लॉजिस्टिक्स. त्यात वाहतूक, साठवण, भरणे-उतरवणे हे सगळे आले. सप्लाय चेन, म्हणजे पुरवठा साखळी, याहून मोठी. बियाणे विकणाऱ्यापासून शेतकरी, बाजार समिती, व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि शेवटी तुमचे स्वयंपाकघर, असे सगळे तिचे दुवे. माल पुढे सरकतो, पैसा मागे येतो आणि माहिती दोन्ही बाजूंनी फिरते.

आता कांद्याकडे वळू. नाशिक भागात उन्हाळ कांदा साधारण मार्च ते मे दरम्यान निघतो. पुढचा खरीप कांदा बाजारात यायला ऑक्टोबर उजाडतो. मधला काळ निभावते ती कांदाचाळ. तिचा तळ जमिनीपासून उंच असतो, बाजूंना फटी असतात, म्हणजे हवा खेळती राहते. तरीही वजन घटते, काही कांदे सडतात, काहींना कोंब येतात. म्हणजे साठवणूक फुकट नसते. शेतकऱ्याला रोज ठरवावे लागते, आज विकावे की थांबावे?

मग लासलगावसारख्या बाजारात लिलाव, प्रतवारी, गोण्या भरणे आणि पुढचा प्रवास. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘कांदा एक्स्प्रेस’ या मालगाडीने नाशिकहून दिल्लीला एका खेपेत सुमारे १,६०० टन कांदा नेला. एका ट्रकमध्ये २५ टन धरले, तर हा झाला ६४ ट्रकचा माल! मग सगळाच कांदा रेल्वेने का जात नाही? कारण गाडी स्टेशनपर्यंतच जाते. दोन्ही टोकांना ट्रक लागतोच, माल जास्त वेळा हाताळावा लागतो आणि एवढा माल एकत्र जमवावा लागतो. थोडा माल थेट दुकानाजवळ न्यायचा तर ट्रकच सोयीचा.

साखळीचा सर्वांत नाजूक दुवा मात्र माहितीचा आहे, आणि तिथे आपणही येतो. समजा, एका वस्तीत १०० घरे आठवड्याला प्रत्येकी २ किलो कांदे घेतात. दुकानदार २०० किलो आणतो. ‘कांदा महागणार’ असा मेसेज फिरतो आणि प्रत्येक घर ५ किलो मागते. मागणी झाली ५०० किलो. दुकानदार खबरदारी म्हणून ६०० मागवतो, घाऊक व्यापारी त्याहून जास्त. भाव खरोखरच चढतो. पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या टोपल्या भरलेल्या, दुकानात गिऱ्हाईक नाही आणि माल सडतो. गंमत म्हणजे कुणीही एक कांदासुद्धा जास्त खाल्लेला नसतो! टोकाची छोटी हालचाल मागे जाता जाता मोठी होत जाते. याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात. चाबकाची मूठ जराशी हलली तरी टोक जोरात फटकारते, तसे हे. आणि ऑर्डरी अचानक थांबल्या की भाव पडतो, तो फटका थेट शेतकऱ्याला बसतो.

म्हणून पुढच्या वेळी असा मेसेज आला, तर नेहमीएवढेच कांदे घ्या. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. जाळीच्या टोपलीत, कोरड्या जागी, बटाट्यांपासून दूर ठेवा. नाशिकच्या शेतकऱ्याने पाच महिने जपलेला कांदा आपल्या घरी पाच दिवसांत सडू नये, एवढे तर आपल्या हातात आहे!