मुलाच्या घासाचा क्रमांक पहिला

एकाच पगारावर दोन न्यायालयांचे हुकूम येऊन पडले, तर आधी कोणता पाळायचा? हा प्रश्न वकिलांच्या चर्चेतला वाटेल. पण पगाराच्या दिवशी युनियनच्या ऑफिसात बसणाऱ्या कार्यकर्त्यासमोर तो आज ना उद्या येतोच, आणि त्या वेळी आपण सभासदाला काय सल्ला देतो यावर दोन लहान मुलांचे जेवण अवलंबून असते.

एक उदाहरण समोर धरू. खानापूर तालुक्यातून पोटासाठी बंगळुरूला आलेला, पीण्या औद्योगिक वसाहतीतला एक कामगार. पगार १९,००० रुपये. नवरा-बायको वेगळे राहतात. दोन्ही मुले आईजवळ, आणि कौटुंबिक न्यायालयाच्या हुकमाप्रमाणे त्यांच्यासाठी दरमहा ७,००० रुपये द्यायचे. याने मित्राच्या कर्जासाठी खासगी फायनान्सवाल्याला सही केलेला कोरा चेक दिला. मित्र परागंदा झाला, चेक न वटता परत आला आणि खटला होऊन दोन लाख रुपये नुकसानभरपाईचा हुकूम झाला. आता हा गडी ऑफिसात येऊन म्हणतो, "दादा, कोर्टानेच दोन लाख भरायला सांगितलेत. आता मुलांचे पैसे बंद करावे लागणार. माझा इलाज नाही."

त्याची अडचण खरी आहे. पण त्याने काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि हे त्याला स्पष्टपणे सांगणे आपले काम आहे.

एका न्यायालयाने दंड किंवा भरपाई ठोठावली म्हणून दुसऱ्या न्यायालयाने ठरवलेली मुलांची पोटगी आपोआप थांबत नाही आणि कमीही होत नाही. पोटगीचा हुकूम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. पुरेसे कारण नसताना पैसे थकवले तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटते, असा समज असेल तर तोही काढून टाकावा. तुरुंगातून बाहेर आल्यावरही देणे जागच्या जागी असते.

परिस्थिती खरोखर बदलली असेल तर मार्ग आहे. ज्या न्यायालयाने पोटगी ठरवली त्याच न्यायालयात कलम १४६ खाली रक्कम बदलून मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात दोन्ही बाजूंनी मिळकत व देणी यांचे प्रतिज्ञापत्र देण्याचा नमुनाच घालून दिला. भरपाईचा हुकूम, भरलेले हप्ते, पगाराची चिठ्ठी हे सारे तेथे मांडता येते. न्यायाधीश ते विचारात घेतील. मात्र स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेल्या देण्याचा भार मुलांवर टाकायला ते सहजासहजी तयार होणार नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. अर्जाला उशीर झाला की थकबाकीचा डोंगर वाढत जातो. सल्ला इतकाच: हुकूम झाला त्याच आठवड्यात वकील गाठा, आणि अर्जावर निर्णय होईपर्यंत मुलांचे पैसे थांबवू नका.

आता कायद्याने कोणाला वर बसवले आहे ते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६० पगाराच्या जप्तीसंबंधी आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्तीतून मोकळा राहतो. म्हणजे १९,००० पैकी सावकाराच्या हाती फार तर ६,००० रुपये लागतात. पण हुकूमनामा पोटगीचा असेल तर पगाराचा फक्त एक-तृतीयांश मोकळा राहतो. सुमारे १२,६६७ रुपयांपर्यंत जप्ती जाऊ शकते. सावकाराला एक हात आणि मुलाला दोन, असा हा हिशेब आहे. (याच कलमात मजुरांच्या मजुरीला जप्तीतून सूट आहे. आपली कमाई 'पगार' ठरते की 'मजुरी', हे वकिलाला आधी विचारून घ्यावे.)

सर्वोच्च न्यायालय १० डिसेंबर २०२४ रोजी आणखी पुढे गेले. गुजरातेतील एका हिरे कारखानदाराच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की पोटगीचा हक्क हा सन्मानाने जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणून पोटगीची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या आणि इतर धनकोंच्या आधी फेडली पाहिजे. करोडोंचे कर्ज देणारी बँक रांगेत मागे आणि मुलांची आई पुढे! हा निकाल प्रत्येक युनियनच्या सूचना फलकावर लावण्याजोगा आहे.

मग उरते काय? उरते ती एक फट, आणि नेमकी तीच कामगाराला नडते. गुन्ह्यातील भरपाई हे बँकेचे कर्ज नव्हे. ती दंडासारखी वसूल होते, आणि न भरल्यास तुरुंग समोर उभा असतो. चेकच्या खटल्यात तर कलम १३८ खाली चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ही भरपाई आणि मुलांची पोटगी एकाच पगारावर आली तर आधी कोण, हे सांगणारे कलम नव्या संहितेतही नाही. त्यामुळे ज्याचा धाक मोठा त्याचे पैसे आधी जातात. फायनान्सवाल्याकडे वकील असतो. पाच वर्षांच्या मुलाकडे कोण असतो?

हा प्रश्न केवळ चेकपुरता नाही. १६ एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंगली व आंदोलनांतील मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई करणाऱ्यांकडून आणि संयोजकांकडूनही वसूल करण्याची तत्त्वे घालून दिली. बंगळुरूतच ११ ऑगस्ट २०२० च्या डी. जे. हळ्ळी व के. जी. हळ्ळीतील हिंसाचारानंतर उच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती एच. एस. केंपण्णा यांना दावे आयुक्त नेमले. एप्रिल २०१६ मध्ये भविष्य निर्वाह निधी काढण्यावरील निर्बंधांविरुद्ध याच शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कामगार, बहुसंख्य स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. केंद्र सरकारने निर्बंध मागे घेतले, पण अनेकांवर गुन्हे नोंदवले गेले. जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये, आम्हीही करत नाही. पण असा दावा उद्या एखाद्या कामगारावर किंवा कामगार स्त्रीवर निघाला, तर तो तिच्या मुलांच्या ताटातून वसूल व्हावा काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. भरपाई ज्याला मिळायची तोही माणूसच. अपघातात नवरा गमावलेली विधवा असेल, तिचीही मुले असतील. त्यांनी का थांबावे? आमचे उत्तर असे की त्यांनी उपाशी थांबू नये. पीडितांसाठी राज्याने भरपाई योजना करावी, ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि नव्या संहितेतही कायम आहे. गुन्हेगाराची ऐपत नसेल तेथे राज्याने आधी द्यावे आणि मग हप्त्याहप्त्याने त्याच्याकडून वसूल करावे. भरपाईला हप्ते पाडता येतात. मुलाच्या भुकेला हप्ते पाडता येत नाहीत.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल तर त्याने अमेरिकेकडे पाहावे. तो देश कामगारांचा कैवारी म्हणून प्रसिद्ध नाही. तरीही तेथील केंद्रीय कायद्यात दंड आणि भरपाईची वसुली करताना, आधीच्या न्यायालयीन हुकमाप्रमाणे अल्पवयीन मुलांसाठी लागणारी पगाराची रक्कम वगळलेली आहे. एका ओळीची तरतूद आहे. ती आपल्या संहितेत का येऊ नये?

म्हणून मागणी साधी आहे. मुलांच्या पोटगीला दंड, भरपाई व दावे या सर्वांवर अग्रक्रम देणारे कलम संसदेने करावे. दंडाच्या हप्त्यांची मुदत आज दोन-तीन महिन्यांत संपते, ती पगाराच्या मानाने वाढवावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एकूण कपातीची मर्यादा वेतनाच्या ५० टक्के आहे. या निम्म्यात पतपेढीचा हप्ता, उचल आणि न्यायालयाचा हुकूम सारेच कोंबले जाते. तेथेही मुलांची रक्कम सर्वात आधी कापली जावी. संहितेविषयी कामगार संघटनांचे आक्षेप आहेतच, त्यांत हीही मागणी जोडावी.

पण सरकारकडे बोट दाखवताना आपले घरही झाडले पाहिजे. पोटगी चुकवण्यासाठी पगार कमी दाखवणे, ओव्हरटाइम रोखीने घेणे, नोकरी सोडल्याचा बहाणा करणे, अशा गोष्टींकडे 'आपला सभासद' म्हणून डोळेझाक झाली असेल तर ती थांबली पाहिजे. कारण पलीकडे असलेली ती बाई बहुधा बोम्मनहळ्ळीच्या एखाद्या शिलाई कारखान्यात दिवसभर मशीनवर बसते. ती आपलीच सभासद आहे, नसेल तर व्हायला हवी. नवऱ्याला वकील मिळवून देणारी युनियन तिला ओळखत नसेल, तर कामगार एकजुटीच्या घोषणेतला अर्धा कामगार गळाला असे समजावे.

आणि वकिलाच्या फीची भीती दोघांनीही बाळगू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. कर्नाटक राज्य प्राधिकरणाचे कार्यालय बंगळुरूत सिद्दय्या रोडवरील न्यायदेगुल इमारतीत आहे. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज, रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो, हे त्या आईला आजच सांगा.

त्या पीण्याच्या कामगाराला काय सांगायचे? "गड्या, सात हजार आधी घरी पोचते कर. बाकीच्या हिशेबाला युनियन तुझ्याबरोबर कोर्टात येईल." एवढे वाक्य ज्या ऑफिसात ठामपणे बोलले जाईल, ते ऑफिस खऱ्या अर्थाने कामगारांचे.