वाचनमंडळासाठी एक मोठी कादंबरी

माजी विद्यार्थी व पालकांनी मिळून मिरजगावात वाचनमंडळ चालवावे, याविषयी दुमत नाही. दुमत आहे ते पहिल्या पुस्तकाबाबत. बहुतेकांच्या ओठी 'फकिरा'चे नाव आहे. अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, तेव्हा हे स्वाभाविकच. परंतु 'फकिरा' एकट्याने रात्र जागून संपवावी अशी कादंबरी आहे. तिला मंडळाची गरज नाही. मंडळाने वाचावे ते एकट्याच्याने तडीस न जाणारे पुस्तक. म्हणून श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' (१९८७) निवडावी, असे आम्हांस वाटते.

दोन खंड, पाने हजाराच्या वर; रोज दहा पाने वाचली तरी वर्षावासाहून अधिक काळ लागेल. पण आपल्याला याची सवय आहे. आषाढ ते अश्विन 'बुद्ध आणि त्याचा धम्म' एकाने वाचायचा व सर्वांनी ऐकायचा, ही रीत विहाराविहारांतून चालत आली आहे. अक्षरओळख नसलेल्या कितीतरी आयांनी तो ग्रंथ असाच ऐकला.

खरा आक्षेप वेगळा आहे. खोतांच्या घराण्याची चार पिढ्यांची कथा आपण का वाचावी? आम्ही म्हणतो, आपणच वाचावी. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा मुंबईत निघाला. कायदा मात्र १९४९ साली झाला. हा इतिहास आपल्या मुलांना तारखांसह पाठ असतो. ज्या वाड्याची सत्ता त्या विधेयकाने हादरली, तो आतून कसा होता, हे भाषणांतून कळत नाही. तिथला दरारा, तिथली भांडणे, तिथली दुःखेही कादंबरी दाखवते. कुळांपाशी ती किती थांबते, हे ज्याने त्याने मोजावे आणि मंडळात बोलावे. वाद झाला तर उत्तमच.

जगबुडीकाठची बोली कर्जत तालुक्यातल्या कानांना आरंभी परकी वाटेल. तेवढे सोसावे.

दोन्ही खंडांचा एकच संच वर्गणीतून घ्यावा. अश्विन पौर्णिमेनंतर थंडीच्या रात्री आरंभ केल्यास चौदा एप्रिलपर्यंत वाचन पुरे होते. वाचनाचे काम वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलामुलींकडे द्यावे. म्हाताऱ्या माणसांसाठी पुढची सतरंजी राखून ठेवावी.