ध्वजाविना खेळाडू

मिलान-कोर्तिना येथे २०२६ साली झालेल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशिया व बेलारूसचे मोजके खेळाडू ‘वैयक्तिक तटस्थ खेळाडू’ म्हणून उतरले. युद्धाचे समर्थन करणाऱ्यांना प्रवेश नव्हता.

आपल्याला हा अनुभव नवा नाही. राष्ट्रकुल स्पर्धेतील गैरव्यवहाराचा आरोप असलेली व्यक्ती सरचिटणीसपदी निवडल्याने व सरकारी हस्तक्षेपामुळे भारतीय ऑलिंपिक संघटना डिसेंबर २०१२ मध्ये निलंबित झाली. परिणामी २०१४ साली सोची येथे शिवा केशवन आदी तिघांना ऑलिंपिक ध्वजाखाली संचलन करावे लागले. ११ फेब्रुवारीला निलंबन उठले, पण केशवनची शर्यत तत्पूर्वीच संपली होती! अपराध पदाधिकाऱ्यांचा, शिक्षा खेळाडूला.

पित्याच्या पापाचा भार पुत्रावर नको, असे यहेज्केल संदेष्टा शिकवतो. रशियन खेळाडूंनाही तोच न्याय लावावा, असे वाटते. मात्र युक्रेनच्या खेळाडूंचे कित्येक सहकारी या युद्धात मारले गेले आहेत. त्यांना यहेज्केलची शिकवण सांगण्याचे धैर्य मला होत नाही.